जास्त सळई म्हणजे जास्त मजबूत घर?

पुण्यात धायरी-आंबेगावकडे बंगला बांधणारे हमखास सांगतात, “साहेब, बीममध्ये दोन सळया जास्तच टाका.” काळजी खरी, समजूत चुकीची. भार फार वाढला तर खालची सळई आधी ताणली जायला हवी. मग बीम वाकतो, तडे दिसतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सळई गरजेपेक्षा जास्त असली तर त्याआधीच वरचं काँक्रीट चिरडतं, तेही अचानक. शिवाय बीम-कॉलमच्या जोडावर सळयांची इतकी दाटी होते की काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही, काँक्रीट पोकळ राहतं. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानेही बीमच्या खालच्या सळईला बीमच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या ४ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

लक्ष घालायचंच तर रिंगांच्या, म्हणजे उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांच्या, टोकाच्या हुकांवर घाला. ते १३५ अंशांत वळलेले हवेत. साइटवर सर्रास ९० अंशांवर सोडतात आणि भूकंपात तेच उघडतात.