जंगल कार्बाइन: १९४७ चा निर्णय आणि नकलांचा बाजार

घोड्यावरून हाताळता यावी म्हणून आखूड केलेली बंदूक, ही कार्बाइनची जुनी ओळख विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पुसट झाली होती. ब्रिटिश सैन्याने त्या सुमारास पायदळ आणि घोडदळ या दोघांसाठी मध्यम लांबीची एकच ली-एनफिल्ड रायफल स्वीकारली आणि वेगळ्या कार्बाइनचे प्रयोजन उरले नाही. ते पुन्हा निर्माण झाले दुसऱ्या महायुद्धात, आग्नेय आशियातील दाट जंगलांत आणि विमानातून उतरणाऱ्या दलांमध्ये. ‘नंबर ५ मार्क १’ ही बंदूक याच गरजेतून आली. ‘जंगल कार्बाइन’ हे तिचे नाव लोकांनी पाडलेले आहे, सरकारी नव्हे.

१९४४ ते १९४७ या काळात लिव्हरपूलजवळच्या फझाकर्ली आणि बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली येथील कारखान्यांत मिळून अशा सुमारे अडीच लाख बंदुका तयार झाल्या. ज्या ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलवरून ती बेतली, तिच्यापेक्षा ती ५ इंचांनी आखूड आणि सुमारे पाऊण किलोने हलकी होती. हे वजन कमी करण्यासाठी केवळ नळी कापून भागले नाही. मुख्य सांगाड्याच्या पोलादावर, नळीच्या मागच्या जाड भागावर आणि बोल्टच्या (काडतूस नळीत सरकवणाऱ्या दांड्याच्या) मुठीतही यंत्राने धातू कोरून काढला गेला. तोंडाशी शंकूच्या आकाराचे ज्वालारोधक नळकांडे आणि दस्त्याला रबराची अरुंद गादी बसवली गेली, मात्र हलक्या बंदुकीचा वाढलेला धक्का ती गादी फारसा झेलू शकली नाही.

वादाचा विषय आहे तो १९४७ मध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय. एकदा बसवलेला नेम काही काळाने आपोआप सरकतो, अशी तक्रार सैन्याकडून आली. चाचण्या झाल्या, आणि हा दोष रचनेतच असून दुरुस्तीने जाणारा नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. कोरून हलका केलेला सांगाडा गोळी सुटताना लवतो, हे त्याचे सर्वात प्रचलित स्पष्टीकरण होय. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, सैन्याला लवकरच स्वयंभरणी रायफलीकडे वळायचे होते, नंबर ४ रायफलींचा मोठा साठा पडून होता, आणि अशा वेळी तक्रारीचे निमित्त सोयीचे ठरले. आज चांगल्या स्थितीतील बंदुका चालवणाऱ्या अनेकांना हा दोष आढळत नाही. प्रस्तुत लेखकाला दोष अस्सल पण सरसकट नसावा असे वाटते, कारण लाकडी भाग नळीला कसा टेकतो यावरही ली-एनफिल्डचा नेम बराच अवलंबून असतो. शिवाय जिला सदोष ठरवले, तीच बंदूक त्यानंतर मलायातील मोहिमेत सैनिकांच्या हाती होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

निर्णय योग्य असो वा नसो, त्याने उत्पादनाचा काळ चार वर्षांपुरता मर्यादित राहिला आणि संग्राहकांची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली. १९५० च्या दशकापासून अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी स्वस्तात मिळालेल्या जुन्या लांब रायफली कापून, पुढे नळकांडे बसवून तशाच दिसणाऱ्या बंदुका विकल्या. काहींवर विक्रेत्याचे स्वतःचे नाव होते, त्यामुळे त्या वेळी फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. पुढे हात बदलत गेले आणि त्याच बंदुका अस्सल म्हणून खपू लागल्या. या मालिकेत भारताचाही धागा आहे: बंगालमधील ईशापूर येथे १९६० च्या दशकात बनू लागलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या, ली-एनफिल्ड घडणीच्या २ए१ रायफलीही अमेरिकेत अशाच आखूड करून विकल्या गेल्या. भारतीय सैन्याने मात्र तसा नमुना कधी वापरला नव्हता, आणि चौकोनी मॅगझिनमुळे (काडतुसांच्या पेटीमुळे) त्या सहज ओळखू येतात.

नंबर ४ वरून केलेली नक्कल ओळखणे अधिक कठीण असते. सांगाड्याच्या डाव्या बाजूवरील नमुन्याचे नाव आणि वर्ष ही पहिली खूण असली, तरी अक्षरे नव्याने कोरता येतात, म्हणून तिच्यावर विसंबू नये. वरचे लाकूड काढून नळीच्या मुळाशी यंत्राने केलेली कोराई पाहावी. हे काम खर्चिक असल्याने नकलांत सहसा नसते. नळकांडे पिनांऐवजी स्क्रूने बसवलेले असेल, तर संशय बळावतो.

भारतात या बंदुकीचा .३०३ इंच हा बोअर (नळीच्या आतील व्यास) प्रतिबंधित असल्याने सामान्य संग्राहकाला चालू स्थितीतील अशी बंदूक बाळगता येत नाही. अमेरिकेत पन्नास वर्षांवरील बंदुकीला संग्राह्य वस्तूचा दर्जा मिळतो. पण तेथील संघीय कायद्यात ‘अँटिक’ म्हणजे १८९८ वा त्यापूर्वी बनलेली, आणि त्या मोजमापात ही कार्बाइन बसत नाही.