इन्कॉग्निटो म्हणजे कुलूप नव्हे

‘ग्रंथालयातल्या संगणकावर इन्कॉग्निटो उघडा आणि बिनधास्त बँकेचं काम करा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. क्रोम ब्राउझरमध्ये २००८ पासून असलेली ही खासगी खिडकीची सोय खिडकी बंद केल्यावर ब्राउझरमधला इतिहास आणि कुकीज (संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसते, एवढंच. डाउनलोड केलेली फाइल तिथेच राहते. कीबोर्डची वायर खोचतात तिथे अंगठ्याएवढा कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारं उपकरण, बसवलेला असेल, तर पासवर्ड ब्राउझरपर्यंत पोहोचण्याआधीच नोंदला जातो. (मागे वाकून बघतं कोण म्हणा!)

खरा बंदोबस्त ग्रंथालयाकडे: वाचकांना ॲडमिनचे (सॉफ्टवेअर टाकण्याचे, सेटिंग बदलण्याचे) हक्क नकोत आणि रीबूट होताच डिस्क पूर्ववत करणारं डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर हवं. वायरीतल्या कीलॉगरपुढे मात्र तेही हतबल. तिथे कर्मचाऱ्यांनी संगणकाची मागची बाजू अधूनमधून तपासायलाच हवी.