नवा दिवा आणि पांढरं पडलेलं समुद्रफूल

खाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या जुन्या ट्यूब काढून झगझगीत एलईडी लावले, तरी मासे लवकर रुळतात. समुद्रफूल (सी ॲनिमोन) मात्र काही दिवसांत फिकट पडू लागतं, आणि बोल लागतो तो पाण्याला.

समुद्रफूल हा प्राणी. पण त्याच्या पोटापाण्याचा बराच भार त्याच्याच पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उचलतात. तो तपकिरी रंगही त्यांचाच. उजेड कमी असला की ही शैवालं हरितद्रव्य वाढवून मिळेल तेवढा प्रकाश टिपतात. त्यांच्यावर एकाएकी प्रखर प्रकाश पडला, की पेलवणार नाही इतकी ऊर्जा शोषली जाते, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि समुद्रफूल शैवालंच बाहेर टाकतं. दुकानातलं पांढरंशुभ्र समुद्रफूल गिऱ्हाइकाला भुलवतं खरं, पण ते उपाशी असतं.

मग रत्नागिरी-मालवणच्या खडपांत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, सुकतीला (ओहोटीला) उघडी पडणारी समुद्रफुलं भर उन्हात कशी तगतात? ती अंग चोरून गोळा होतात. काही जाती तर अंगावर शिंपल्यांचे तुकडे नि वाळू चिकटवून घेतात. शिवाय काही तासांत भरती येतेच. पावसाळ्यातलं गढूळ पाणीही एका दिवसात निवळत नाही, त्यामुळे उजेड हळूहळूच वाढतो. टाकीतल्या दिव्याला ना भरती ना ढग.

म्हणून नवा दिवा निम्म्या तीव्रतेवर सुरू करावा आणि तीन-चार आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा. रोजचे ८ ते १० तास तेच ठेवावेत. तीव्रता कमी करायची सोय नसेल तर दिवा उंच टांगावा, किंवा टाकीवर मच्छरदाणीच्या जाळीचे दोन-तीन थर टाकून एकेक काढत जावं. डोळ्यांवर विसंबू नये. आपल्याला मंद वाटणारा निळा प्रकाश शैवालं चांगलाच शोषतात.

या काळात समुद्रफूल जागा सोडून सरकू लागलं तर ओढून परत बसवू नये, पंपाच्या तोंडाला मात्र स्पंज लावावा. पात्यात सापडलं तर त्याच्या चिंधड्या होतात आणि सगळी टाकी नासते. फिकट पडलेल्याला कोळंबीचे बारीक तुकडे भरवता येतात. आणि बदली म्हणून खडपावरून दुसरं उचलून आणायचा विचारही नको; मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

कोकणात पावसात वीज जाते तेव्हा लोक दिव्याची काळजी करतात. एक-दोन दिवसांचा अंधार निरोगी समुद्रफूल सोसतं. धोका असतो पाणी थांबून ऑक्सिजन संपण्याचा, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच. अंधार फार लांबला असेल, तर वीज आल्यावर दिवा पुन्हा निम्म्यावरूनच चढवावा.