पार्श्वभूमी : डे ट्वेंटी-वनची चिठ्ठी आणि ‘डिफेक्ट’ हा शब्द

नौपाड्यातल्या लॅबमध्ये सकाळी रक्त द्यायला बसलेल्या एखादीच्या हातात ‘डे 21 प्रोजेस्टेरॉन’ अशी चिठ्ठी असते. पाळी 28 दिवसांची असेल तर हिशोब जमतो. बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं आणि आठवड्याभराने हे हार्मोन सर्वांत वर असतं. पण जिची पाळी 35 दिवसांनी येते, तिचं बीज एकविसाव्याच्या सुमारास कुठे फुटत असतं. तिचा रिपोर्ट कमी येणारच; तिने अठ्ठाविसाव्याला यायला हवं होतं. तेवढ्यावरून ‘ल्यूटिअल फेज डिफेक्ट’चा, म्हणजे बीज फुटल्यानंतरच्या टप्प्यात दोष असल्याचा, शिक्का बसला, की तो फाइलमधून सहज पुसला जात नाही.

बीज फुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा हा टप्पा बहुधा 12 ते 14 दिवसांचा. दिवस पुढच्या पाळीपासून उलटे मोजायचे, हे 1920च्या दशकात जपान आणि ऑस्ट्रियातल्या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडलं. त्याआधी 1903मध्ये सशांवरच्या प्रयोगांत पीतपिंड (बीज फुटल्यावर अंडाशयात त्याच्या जागी तयार होणारी गाठ) काढल्यावर गर्भ टिकत नाही, हे दिसलं होतं. त्या पिंडातलं प्रोजेस्टेरॉन 1934मध्ये शुद्ध रूपात हाती आलं.

गुंता सुरू झाला तो 1949मध्ये. पीतपिंड कमी पडला तर मूल राहत नाही, असं एका अमेरिकन डॉक्टर बाईंनी मांडलं आणि त्याचाच पुढे ‘डिफेक्ट’ झाला. पुढच्याच वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून ‘हे अस्तर कितव्या दिवसाचं’ ते सांगायची पद्धत आली. तारखेपेक्षा अस्तर दोन दिवसांहून जास्त मागे दिसलं, की दोष. आपल्या मंगळदोष-वास्तुदोषांच्या पंक्तीत बसावा असाच! पद्धत अर्धं शतक चालली. ठाण्यातल्या जुन्या पिढीतल्या बायका ‘पाळीच्या आधी क्युरेटिंग केलं होतं’ म्हणतात, ते बऱ्याचदा हेच. आपल्याकडे तो तुकडा टीबीसाठीही तपासतात. त्या कामी तो आजही लागतो.

पण ज्यांना मुलं आहेत त्यांचं अस्तर वेळेवर असतं का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं ते थेट 2004मध्ये. या टप्प्याच्या ऐन मधल्या दिवसांत मुलं असलेल्यांपैकी सुमारे 49 टक्क्यांचं अस्तर ‘मागे’ निघालं. मूल न होणाऱ्यांत हे प्रमाण 43 टक्के. म्हणजे दोष निरोग्यांतच जास्त. एवढी साधी तुलना व्हायला 54 वर्षं लागली, आणि तोवर बायका टेबलावर जात राहिल्या. रक्ताच्या एका आकड्यावरही फार विसंबता येत नाही, कारण प्रोजेस्टेरॉन लाटांनी सुटतं आणि दीड तासात आठपटीपर्यंत वरखाली होऊ शकतं. मिलिलिटरमागे 3 नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला तर बीज फुटलं, इतकंच त्यातून कळतं.

मग दिवस मोजणं उरलं. 2017च्या एका अभ्यासात 11 दिवस किंवा त्याहून लहान टप्पा 18 टक्के चक्रांत आढळला. तसं चक्र झाल्यावर लगेचच्या महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता थोडी कमी होती. वर्षअखेरीस मात्र फरक उरला नाही. 2021मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलं, की हा दोष स्वतंत्रपणे वंध्यत्वाचं कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अति व्यायाम, फार कमी खाणं यांनी टप्पा आखडू शकतो; तेव्हा इलाज मूळ कारणावर करायचा.

आयव्हीएफची गोष्ट वेगळी. तिथे औषधांनी पीतपिंडाला चालवणारा शरीराचा स्वतःचा इशारा दाबलेला असतो, म्हणून प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावंच लागतं. ‘वाशीच्या नणंदेला त्या गोळ्या दिल्या, मग मला का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की नणंदेचं आयव्हीएफ होतं.