मीटिंग छान झाली, मग उत्तर का येत नाही?
(आमच्या जपानी दुभाषी सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचे बहुतेक ग्राहक चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातले, सुटे भाग बनवणारे कारखानदार आहेत. जपानी पाहुणे तुम्हाला नवे नाहीत. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, वेळेआधी पाच मिनिटं बसायचं, हे तुम्ही करताच. हे पत्रक एकाच प्रश्नासाठी काढलं आहे, कारण तो फोन आम्हाला सारखा येतो: "मीटिंगमध्ये सगळे हो हो म्हणत होते. तीन आठवडे झाले, मेलला उत्तर नाही. आमचं म्हणणं तुम्ही नीट पोचवलंत ना?"

पोचवलं होतं. पण ते 'हो' म्हणाले नव्हते. ते 'हाय' म्हणत होते. शब्दकोशात 'हाय' म्हणजे 'हो' असलं, तरी समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये येणारा 'हाय' म्हणजे आपण फोनवर म्हणतो तो 'हं… हं…'. ऐकतोय, पुढे बोला, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी ते जे म्हणाले, ते जास्त महत्त्वाचं होतं: "मोचिकाएत्ते केन्तो शिमासु". परत नेऊन विचार करतो. मुलगी पाहून गेलेली मंडळी 'कळवतो' म्हणतात, तेव्हा त्यातून काय घ्यायचं ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. 'मुझुकाशी' म्हणजे शब्दशः 'अवघड आहे', पण व्यवहारात ते बहुतेक वेळा 'पत्रिका जुळत नाही' असतं. तोंडावर नकार न देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही, फक्त तिचे शब्द वेगळे आहेत. (जर्मन ग्राहकांबाबत नेमकी उलट तक्रार येते. ते सरळ नाही म्हणतात आणि आपल्याला तो अपमान वाटतो.)

आता ज्या एका चुकीमुळे तुमचे आठवडे जातात, तिच्याबद्दल. नवा आकडा पहिल्यांदा मीटिंगच्या टेबलावर काढू नका.

आपल्याकडे मालक स्वतः समोर बसतो, घासाघीस होते, शेवटी "चला, तुमच्यासाठी अजून थोडं कमी करतो" म्हणून हात मिळवला जातो. त्यात आपलेपणा आहे, हे आम्ही जाणतो. पण समोर बसलेल्या पाहुण्यांना तिथे बसून ठरवण्याचा अधिकार बहुधा नसतो. मोठ्या जपानी कंपनीत प्रस्तावाचा एक कागद असतो, 'रिंगीशो'. तो खरेदी, गुणवत्ता, उत्पादन, हिशेब अशा सगळ्या विभागांतून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर शिक्का मारतो. आता पुष्कळ ठिकाणी हे संगणकावर होतं, पण फिरणं तेच. पाहुणे पुण्याला येतात तेव्हा जुन्या आकड्यावर निम्मे शिक्के पडलेले असतात. तुम्ही टेबलावर आकडा बदलला की कागद पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू.

भाव कमी केला तरी हेच होतं, आणि हे ग्राहकांना पटवणं आम्हाला सगळ्यात जड जातं. भोसरीतल्या एका ग्राहकाने मीटिंग संपता संपता, मोठ्या मनाने, भाव चार टक्क्यांनी उतरवला. पाहुण्यांनी मान लववली, वहीत लिहून घेतलं. त्यानंतर आठवडाभराने प्रश्नांची यादी आली: मटेरियल बदललं का? काम बाहेर कुठे देणार आहात का? फोर एम चेंज (माणूस, मशीन, मटेरियल किंवा पद्धत यांत बदल) आहे का? कारण न सांगता उतरलेला भाव त्यांच्या गुणवत्ता विभागाला सवलत वाटत नाही, काहीतरी बदलल्याची खूण वाटते. ऑर्डर मिळाली, पण सात आठवड्यांनी. त्यातल्या पत्रव्यवहारात आमचाही जीव गेला.

यावरचा उपाय त्यांच्याच पद्धतीत आहे. 'नेमावाशी' हा मूळचा माळीकामातला शब्द: मोठं झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याच्या मुळांभोवती खणून त्याला हळूहळू तयार करणं. कचेरीत त्याचा अर्थ होतो, मीटिंगआधीच एकेकाशी बोलून ठेवणं. म्हणजे मीटिंगचा दिवस ठरवण्याचा नसतो, ठरलेलं सगळ्यांसमोर मांडण्याचा असतो. तेव्हा भाव, तारीख, मशीन, जे काही बदलायचं असेल ते आठ-दहा दिवस आधी एका पानात लिहून पाठवा, कारणासकट. पाठवायचं ते तुमचं काम रोज पाहणाऱ्या 'तान्तोशा'ला, त्याच्या साहेबाला नव्हे. साहेबाला थेट गाठलं की काम लवकर होतं, हा आपला अनुभव तिथे उलटतो, कारण तान्तोशा सगळ्यांसमोर उघडा पडतो आणि पुढे तुमची बाजू मांडायला कोणी उरत नाही. मेल सकाळीच करा. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, आपल्या संध्याकाळी पाचला तिथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.

दुसरा मुद्दा 'होऊन जाईल'चा. तुम्ही म्हणता, "पंधरा तारखेपर्यंत होऊन जाईल," आणि दुभाषी भाषांतर करण्याआधी तुम्हालाच विचारतात, "नक्की, की प्रयत्न?" काही ग्राहकांना यात अविश्वास दिसतो. तसं नाही. मराठीत 'होऊन जाईल'मध्ये धीर देणं आहे, पण जपानीत ते 'देकिमासु' झालं की शब्द दिला जातो आणि मीटिंगच्या नोंदीत, 'गिजिरोकु'त, तारखेसह उतरतो. सोळा तारखेला तो कागद तुमच्यासमोर येतो. म्हणून आम्ही विचारतो, आणि विचारत राहू. उशीर होणार असेल तर तो कळल्या दिवशीच कळवा. उशिरापेक्षा उशिरा कळवणं तिथे जास्त लागतं.

सुट्ट्यांचंही तसंच. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पूर्वजांचा सण आणि वर्षअखेरीचा आठवडा, या काळात उत्तराची वाट पाहू नका. आर्थिक वर्ष दोघांचंही एप्रिल ते मार्च आहे, पण एप्रिलमध्ये त्यांच्याकडे बदल्या होतात. मार्चमध्ये अर्धवट राहिलेलं काम नव्या माणसाला पहिल्यापासून समजवावं लागतं. आणि तुमचे गणपती, दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखांना येतात, हे तिथल्या माणसाला ठाऊक नसतं. जानेवारीतच यादी पाठवून ठेवा, आम्ही ती जपानीत करून देतो, वेगळे पैसे लागत नाहीत.

आमच्या दराबद्दल थोडं. मीटिंगआधी तुमच्याबरोबर एक तास बसणं आणि त्याच दिवशी दोन्ही भाषांतली नोंद पाठवणं हे अर्ध्या दिवसाच्या दरातच येतं. "फक्त दोन तास या, आधीचं नको" असं काम आम्ही घेत नाही. ड्रॉइंग न पाहिलेला दुभाषी 'बर'ला (कापलेल्या कडेवर उरलेल्या धातूच्या टोकाला) 'ओरखडा' म्हणून बसतो, आणि तो रिजेक्शनचा वाद कोणालाच परवडत नाही. दिवसभराच्या ऑडिटला दोन माणसं पाठवतो, कारण सलग बोलून तिसऱ्या तासाला चुका व्हायला लागतात. संध्याकाळच्या जेवणाला मात्र बरेच ग्राहक दुभाषी नको म्हणतात, खर्च वाचतो म्हणून. आमचा सल्ला उलटा आहे: कारखान्याच्या फेरीत एक तास कमी करा, पण जेवणाला दुभाषी ठेवा. "आमच्या साहेबांना तुमच्या क्षमतेची काळजी वाटते" हे वाक्य मीटिंगच्या खोलीत कोणी बोलत नाही, ते जेवताना निघतं.

सगळ्याच जपानी कंपन्या अशा चालतात असं मात्र नाही. मालक स्वतः चालवतो अशा छोट्या कारखान्यात जागेवर होकार मिळालेलाही आम्ही पाहिला आहे. समोरची कंपनी कोणत्या प्रकारची आहे, हे जुना पत्रव्यवहार वाचून बहुधा सांगता येतं. तेव्हा पुढच्या मीटिंगची तारीख ठरली की मागच्या तीन महिन्यांचे मेल, ड्रॉइंग आणि जो आकडा बदलायचा विचार आहे तो आमच्याकडे पाठवा. तारखेच्या किमान दोन आठवडे आधी मिळालं, तर तान्तोशाला पाठवायचं ते एक पान आम्हीच तयार करून देऊ.