पर्यावरणीय तंत्रज्ञान पडताळणी

नव्या पर्यावरणीय यंत्राबद्दल किंवा प्रक्रियेबद्दल उत्पादक जो दावा करतो तो खरा आहे का, हे त्रयस्थ संस्थेने प्रत्यक्ष मोजमापांच्या आधारे तपासण्याची पद्धत. सांडपाणी शुद्ध करणारे संच, धुरातले कण अडवणारी गाळणी, हवेतील धूलिकण मोजणारे संवेदक, कचऱ्यातून धातू वेगळे काढणारी यंत्रे अशी नाना प्रकारची उत्पादने तिच्या कक्षेत येतात. तपासणारी संस्था यंत्र बनवणाऱ्याच्या बाजूची नसते आणि विकत घेणाऱ्याच्याही नसते. तपासणीअखेर ती एक जाहीर निवेदन देते : अमुक परिस्थितीत, अमुक पद्धतीने मोजले असता यंत्राची कामगिरी इतकी भरली.

निवेदन तेवढ्यावरच थांबते. यंत्र घ्यावे की घेऊ नये, ते उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. प्रमाणपत्रापासून पडताळणी वेगळी पडते ती इथेच. प्रमाणपत्र द्यायचे तर आधी एखादे मानक हाताशी असावे लागते. नव्या तंत्रज्ञानासाठी ते पुष्कळदा तयारच झालेले नसते. जुनी मानके जुन्या यंत्रांच्या मापाने बेतलेली असतात. परिणामी नवा संच कुठे चाललेला नाही म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून तो कुठे चालत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी विश्वासार्ह आकडे पुरवणे हा पडताळणीचा मूळ हेतू. जाहिरातींत मात्र ‘पडताळणी झालेले’ आणि ‘मान्यता मिळालेले’ यांतला फरक हमखास पुसला जातो.

दाव्याची मांडणी : पडताळणीचे निम्मे काम दाव्याचे शब्द ठरवण्यातच जाते. ‘आमचा संच ९५ टक्के फॉस्फरस काढतो’ हे वाक्य तपासण्याजोगे नाही. कोणत्या पाण्यातून, ताशी किती प्रवाहाला, कोणत्या तापमानाला, गाळणी नवी असताना की काही महिने वापरल्यावर? आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम फॉस्फरस असेल तर ९५ टक्के काढूनही अर्धा मिलिग्रॅम उरतो. आत येणारे प्रमाण मुळातच १ मिलिग्रॅम असेल, तर तेवढेच टक्के गाठणे कितीतरी अवघड. टक्केवारी घाणेरड्या पाण्यावर सहसा चांगली दिसते. म्हणून जाणकार पडताळणीकार टक्क्यांसोबत बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्रत्यक्ष प्रमाणही मागतो.

पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत बसवायच्या गाळ-विभाजकांची गोष्ट अशीच आहे. चाचणीच्या पाण्यात जाड वाळू मिसळली तर जवळजवळ कोणताही विभाजक ती खाली बसवतो. खरी परीक्षा बारीक गाळाची असते. तो तळाशी बसायला वेळ घेतो आणि प्रवाह वाढला की पुन्हा वर येतो. त्यामुळे चाचणीत वापरायच्या गाळाचे कण किती मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावेत हेच काही चाचणी-नियमांत आधी बांधून टाकलेले असते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या नियमावलीत अशा गाळाच्या कणांचा मध्यक आकार ७५ मायक्रॉनपेक्षा कमी असावा लागतो.

कार्यपद्धती : आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ १४०३४ या मानकाने अर्ज, पूर्वतपासणी, पडताळणी, अहवाल आणि पडताळणीनंतरचा टप्पा असा क्रम घालून दिला आहे. पूर्वतपासणीत तंत्रज्ञानात खरोखर काही नावीन्य आहे का, प्रचलित पर्यायांच्या तुलनेत पर्यावरणाला त्याचा काही फायदा आहे का, हे पाहतात. मग चाचणी आराखडा ठरतो : कोणती परिमाणे मोजायची, नमुने किती आणि केव्हा घ्यायचे, विश्लेषण कोणत्या पद्धतीने करायचे. हा आराखडा चाचणीआधी लिहून पक्का करणे महत्त्वाचे, नाहीतर निकाल पाहून सोयीचे आकडे निवडण्याचा मोह टाळता येत नाही. पडताळणी करणारी आणि चाचणी घेणारी संस्था एकच असावी लागत नाही. पहिलीने तपासणी संस्थांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२० या मानकाच्या, तर दुसरीने प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या अपेक्षा पुऱ्या कराव्यात, अशी ही विभागणी आहे. उत्पादकाने पूर्वी करून घेतलेल्या चाचण्यांचे आकडे गुणवत्तेच्या अटींत बसले तर ग्राह्य धरता येतात. यामुळे खर्च वाचतो, पण वादाला जागाही इथेच होते.

पिण्याच्या पाण्याची उपकरणे : जागतिक आरोग्य संघटनेने घरगुती जलशुद्धीकरण उपकरणांच्या मूल्यमापनाची आंतरराष्ट्रीय योजना २०१४ मध्ये सुरू केली. तिच्यात जिवाणू, विषाणू आणि आदिजीव या तीन गटांतील सूक्ष्मजीव चाचणीच्या पाण्यात मुद्दाम मिसळून उपकरण त्यांतले किती कमी करते ते मोजतात. घट टक्क्यांऐवजी दहाच्या पटींत सांगतात : एक पट घट म्हणजे दहावा हिस्सा उरणे, दोन पट म्हणजे शंभरावा. सर्वोच्च, म्हणजे तीन तारे असलेल्या श्रेणीसाठी जिवाणू व आदिजीवांत किमान चार पटांची आणि विषाणूंत पाच पटांची घट लागते. दोन ताऱ्यांसाठी हेच आकडे अनुक्रमे दोन आणि तीन. पाच पट म्हणजे ९९.९९९ टक्के. ऐकायला ९९ टक्के आणि ९९.९९९ टक्के यांत फारसे अंतर वाटत नाही. परंतु लिटरभर पाण्यात दहा लाख विषाणू असतील, तर पहिल्या उपकरणातून दहा हजार बाहेर येतात आणि दुसऱ्यातून दहा. साध्या पाण्याखेरीज अधिक गढूळ व सेंद्रिय द्रव्ये असलेल्या ‘आव्हानात्मक’ पाण्यावरही चाचणी होते, कारण क्लोरीनवर किंवा अतिनील प्रकाशावर चालणारी उपकरणे नेमकी अशा पाण्यात कमी पडू शकतात. तारे देणारी ही योजना पडताळणीपेक्षा मानांकनाकडे झुकलेली आहे, तरी त्रयस्थ चाचणीचे तत्त्व तेच.

हवेचे संवेदक : अडीच मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण मोजणारे स्वस्त संवेदक कण प्रत्यक्ष तोलत नाहीत. कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून ते वजनाचा अंदाज बांधतात. हवेतली आर्द्रता वाढली की कण पाणी धरून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि धूळ तेवढीच असून आकडा चढतो. म्हणून असे संवेदक मान्यताप्राप्त संदर्भयंत्राशेजारी टांगून दोन्हींच्या नोंदी ताडून पाहतात. एकाच नमुन्याचे तीन संच एकत्र ठेवण्याची पद्धत आहे. तिघांचे आकडे आपसातच जुळले नाहीत तर पुढची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील वायुगुणवत्ता नियंत्रण मंडळाने २०१४ पासून असे मूल्यमापन केंद्र चालवले आहे. तेथे आधी उघड्या हवेत आणि मग तापमान व आर्द्रता नियंत्रित करता येणाऱ्या कक्षात चाचण्या होतात. एका ऋतूत आणि एका शहरात जुळलेला संवेदक दुसरीकडे जुळेलच असे नाही, याची आठवण अशा अहवालांच्या वाचकाला सतत ठेवावी लागते.

इतिहास : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये पडताळणीचा कार्यक्रम सुरू केला. बॅटेल, एनएसएफ इंटरनॅशनल यांसारख्या संस्थांच्या भागीदारीत विषयवार केंद्रे चालवली गेली. सुरुवातीला सरकारी निधी होता. पुढे खर्चाचा भार उत्पादकांकडे व इतर भागीदारांकडे सरकत गेला आणि २०१४ मध्ये कार्यक्रम बंद झाला. कॅनडात १९९७ मध्ये अशी योजना आली. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आपली योजना आरंभली. युरोपीय संघाने डिसेंबर २०११ मध्ये पाणी, साहित्य व कचरा, आणि ऊर्जा या तीन क्षेत्रांपुरता प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. एका देशात झालेली पडताळणी दुसऱ्या देशात ग्राह्य धरली जात नसल्याने उत्पादकाला तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागे. त्यातून सामाईक मानकाची गरज पुढे आली आणि २०१६ मध्ये आयएसओ १४०३४ प्रसिद्ध झाले.

मर्यादा : पहिली अडचण पैशाची. चाचणीचा खर्च सहसा अर्जदारच सोसतो, त्यामुळे मोठी कंपनी तो सहज उचलते आणि ज्या लहान उद्योगासाठी ही सारी खटपट, तोच मागे राहतो. शिवाय निवेदन हाती आल्यावरही नियामक किंवा निविदा काढणारा विभाग त्याला वजन देईल असे नाही. ज्या योजना रोडावल्या त्यांच्यामागे हे कारण तंत्रापेक्षा मोठे होते, असे म्हणायला जागा आहे.

दुसरी अडचण प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष वापर यांतल्या दरीची. सुधारित चुलींच्या बाबतीत हे वारंवार दिसले : प्रशिक्षित माणूस कोरडे, सारख्या आकाराचे लाकूड हप्त्याहप्त्याने घालून चाचणी घेतो तेव्हा धूर कमी निघतो, ओल्या जळणावर, घाईच्या स्वयंपाकात तीच चूल वेगळी वागते. परीक्षेचे वेळापत्रक आधी ठाऊक असेल तर यंत्रच परीक्षेपुरते शहाणे करता येते, हे फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. ती प्रकारमान्यतेची, म्हणजे नवा नमुना विक्रीला आणण्याआधीच्या सरकारी मंजुरीची चाचणी होती, पडताळणीची नव्हे. चाचणी ओळखून चालणाऱ्या संगणक आज्ञावलीमुळे प्रयोगशाळेत नियमात बसणाऱ्या या गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइडे सोडत होत्या. हा प्रकार उघडकीला यायला गाडीवर उपकरणे बसवून रस्त्यावर केलेली मोजमापे कारणी पडली.

निवेदन ठरावीक नमुन्याला चिकटलेले असते. पंप बदलला, गाळणीचे द्रव्य बदलले, आज्ञावली सुधारली, तर उत्पादकाने पडताळणीकाराला कळवायचे आणि जुने निवेदन लागू राहते का ते ठरवून घ्यायचे, असा दंडक आहे. आणखी एक गोष्ट पडताळणी झालेल्या उत्पादनांची जाहीर यादी वाचताना ध्यानात घ्यावी लागते. पडताळणी बहुतांशी ऐच्छिक असल्यामुळे आकडे मनासारखे येत नाहीत असे दिसताच अर्जदाराला मध्येच माघार घेण्याची वाट बहुधा खुली असते, आणि माघारीची नोंद जाहीर यादीत सहसा सापडत नाही.