पार्श्वभूमी : विदर्भातल्या खेड्यांचा नाताळ, जिथे पंगत आधी आली आणि भेटवस्तू फार उशिरा

डिसेंबर म्हणजे विदर्भात कापूस वेचणीचा ऐन हंगाम. तुरीच्या शेंगा भरलेल्या, बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त. यवतमाळ, अकोला, अमरावतीकडच्या गावांत जी मोजकी ख्रिस्ती घरं आहेत, तिथे नाताळचा खर्च विचारा. तेल, बेसन, मटण, मंडप असा हिशेब निघेल. पोरांना नवे कपडे होतात. भेटवस्तूंचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच. हल्ली शहरातली माणसं याचं 'साधेपणा' म्हणून कौतुक करतात. मला ते कौतुक अर्धवट वाटतं, कारण हा साधेपणा कुणी ठरवून पत्करलेला नाही.

मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचं नाव आजही नागपूरकरांच्या तोंडी आहे. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, आणि गंमत अशी की त्या परंपरेत नाताळला सण म्हणून मानच नव्हता. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण कशाला, असा त्यांचा हिशेब. स्कॉटलंडच्या संसदेने 1640 मध्ये नाताळची सुट्टी रद्द केली होती. तिथे 25 डिसेंबर सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो थेट 1958 मध्ये. पुढे वऱ्हाडात आलेली मिशनं अमेरिकन. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, अकोला-खामगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. अमेरिकेतही एके काळी मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, 1659 ते 1681. सांताक्लॉज, सजलेली दुकानं, पोरांसाठी गुंडाळून ठेवलेल्या वस्तू हा सगळा थाट एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा भेटवस्तूंचा नाताळ हा काही मूळचा आणि आपला नाताळ त्यातून घटलेला, असं समजायचं कारण नाही.

इंग्रजी अमदानीत भेटी होत्याच, पण त्यांची दिशा वेगळी होती. 'बडा दिन' आला की हाताखालचे लोक, ठेकेदार, जमीनदार साहेबाच्या बंगल्यावर फळांची, मिठाईची 'डाली' घेऊन जात. तिचा अतिरेक झाल्यावर सरकारी नोकरांनी काय घ्यावं यावर सरकारलाच नियम करावे लागले. उलट दिशेने परदेशातल्या मंडळ्यांकडून मिशनच्या शाळांसाठी पेट्या येत: बाहुल्या, कपडे, रंगीत कार्डं. डाली खालून वर जायची, पेटी वरून खाली यायची. एका घरातल्या माणसांनी एकमेकांना काही द्यावं, ही चाल या दोन्हींत कुठेच बसत नव्हती.

मग एकत्र येण्याला एवढं वजन कुठून आलं? याचं उत्तर दुष्काळात आहे. 1896-97 चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच 1899-1900 चा, म्हणजे (विक्रम संवत 1956 वरून) छपन्नचा दुष्काळ आला. मध्यप्रांत आणि वऱ्हाड दोन्हीकडे ज्वारी गेली, गुरं गेली, माणसं गेली. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतात आल्या आणि 300 च्या आसपास मुली, बायका त्यांनी आपल्या आश्रमात नेल्या. वऱ्हाडातल्या मिशनांनीही अनाथालयं उघडली. तिथे वाढलेल्या मुलामुलींची लग्नं पुष्कळदा मिशननेच जुळवून दिली. आता या जोडप्यांचं बघा. तिला माहेर नाही, त्याला भाऊबंद नाहीत. दिवाळीला जायचं तर कुणाकडे? जे दुष्काळामुळे नव्हे, तर स्वतःहून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले त्यांचीही गत फार वेगळी नव्हती. जातीने टाकलं की लग्नकार्याचं बोलावणं बंद. नागपूर-राजनांदगाव भागात वर्षं काढलेले नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा खुद्द त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. टिळकांसारख्या नावाजलेल्या कवीच्या घरी ही स्थिती, तर मजुरी करणाऱ्या माणसाची काय सांगावी!

अशा लोकांचं माहेर म्हणजे मिशन कंपाउंड. वर्षातून एकदा तिथे जमायचं, पाळकांच्या घरासमोर चुली मांडायच्या, रात्री उपासनेनंतर पटांगणातच पथारी टाकायची. ज्याला नातं नाही त्याला इथे मावशी मिळायची, मामा मिळायचा. 'प्रीतिभोजन' म्हणतात ती पंगत या गरजेतून पक्की झाली, आणि म्हणूनच ती अजून मोडलेली नाही असं माझं मत आहे.

बाकीचं सगळं लोकांनी घरचंच वापरलं. फराळ दिवाळीचा: करंज्या, चकल्या, चिवडा, शंकरपाळे, वर डिसेंबरची म्हणून सांबारवडी. टिळकांनी अभंग आणि कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत आणल्यामुळे झांज, तबला, पेटी हक्काने आत आली. बांबूच्या कामट्यांचा कागदी तारा घरावर चढतो, आणि गाणारी टोळी थंडीत रात्री उशिरापर्यंत दारोदार फिरते. प्रत्येक दारी चहा घ्यावाच लागतो, नाही म्हणायची सोय नाही. नाताळच्या नाटकातले मेंढपाळ तर थेट घोंगडीवाले धनगर असतात.

पुढे मिशनरी गेले, व्यवस्था बदलली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक पंथांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. खेड्यांना त्यापेक्षा मोठा बदल वाटला तो पोरं पुण्या-मुंबईला कामाला गेल्याचा. आता नाताळ म्हणजे त्यांनी गावी येण्याचं निमित्त. त्यांच्यासोबत 'सीक्रेट सांता' आणि चिठ्ठ्या काढून वस्तू देण्याचा खेळही येतो. तरुणांना मजा वाटते, म्हाताऱ्या हसतात, आणि दुपार झाली की सगळे कांदे चिरायला बसतात. वर्गणी फोनवरून जमा होते, तरी कोणी किती दिली याची वही कुणीतरी ठेवतोच. शेजारपाजारचे हिंदू, बौद्ध जेवायला असतात. त्यांत माळकरी असले तर त्यांच्यासाठी वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर शिजते, आणि तिच्यात मटणाच्या रश्श्याचा डाव पडू नये म्हणून एका माणसाला खास तिथेच उभं केलेलं असतं.